आढळले नाही

सरकारी प्रयोगशाळेत मी अठ्ठावीस वर्षं काढली. या काळात सर्वांत जास्त वेळा लिहिलेलं वाक्य दोनच शब्दांचं आहे: 'आढळले नाही'. त्याखाली माझी सही आणि सहीखाली गोल शिक्का. शिक्क्यावरचं 'चंद्रपूर' हे नाव पुढे इतकं झिजलं, की काही अहवाल नुसत्या 'द्रपू'हून गेले. कोणी तक्रार केल्याचं आठवत नाही.

काम पाणी तपासण्याचं. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्ही जिल्ह्यांच्या विहिरी, बोअर आणि नाले बाटलीत बसून आमच्याकडे यायचे. मुलचेऱ्याहून निघालेली बाटली एसटी बदलत बदलत तिसऱ्या दिवशी पोचायची. तोवर आतल्या जंतूंना नातवंडं झालेली असत. तरी आम्ही मोजायचो, कारण बाटलीबरोबर पत्र असायचं आणि पत्राला उत्तर द्यावंच लागतं.

माझे वडील नागभीडला रेल्वेत गँगमन होते. मी एम.एस्सी. होऊन नोकरीला लागले, तेव्हा त्यांनी विचारलं, "मंजे तू आता औषधं बनवशीन?"

"नाही बाबा, पाणी तपासीन."

"पाणी त तुयी आजीबी तपासे. तोंडात घेऊन थुके."

ज्या गावात माझ्या आजीला विहिरीच्या पायरीवर पाय ठेवू देत नव्हते, त्याच गावची विहीर पिण्यालायक आहे की नाही हे पुढे माझ्या सहीने ठरलं. त्या अहवालाची एक प्रत वडिलांच्या सदऱ्याच्या खिशात घडी घालून असायची, आणि ती घामाने फाटली की ते दुसरी मागायचे.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. सूरजागडकडचे एक गुरुजी लालसर पाणी घेऊन आले. "यात लोखंड किती?" भरपूर, म्हटलं. "मग हे पाणी विकता येईल का?" एकाने देशी दारूच्या बाटलीत पाणी आणलं. त्यात अल्कोहोल आढळलं. तो गृहस्थ गावभर सांगत सुटला, की माझ्या विहिरीत दारू लागली.

आणि एक म्हातारा आला होता, डोक्याला पांढरा दुपट्टा. त्याला विहिरीतली करणी तपासून पाहिजे होती. धाकट्या सुनेने काहीतरी टाकलं, म्हणून घरात आजारपण आहे, असं कोणीतरी त्याच्या मनात भरवलं होतं. सुनेला माहेरी धाडलं होतं. करणी तपासायची आमच्याकडे काही पद्धत नाही, हे मी त्याला तीनदा सांगितलं. तो हलेना. शेवटी मी क्षार, क्लोराईड, नायट्रेट, सगळं तपासलं आणि खाली हाताने लिहिलं, 'अन्य काहीही आढळले नाही.' म्हाताऱ्याने तो कागद कोणाकडून तरी दोनदा वाचून घेतला. पंधरा दिवसांनी सून परत आली, आणि म्हातारा आमच्या टेबलावर मोहाच्या फुलांची एक पुरचुंडी ठेवून गेला.

त्या दोन शब्दांनी एका बाईचा संसार परत जुळला. त्यामुळे असेल, माझा त्यांच्यावर जरुरीपेक्षा थोडा जास्त विश्वास बसला.

आता धंद्यातली गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. कुठलाही पदार्थ फोडत फोडत गेलं, की शेवटी त्याचा जो सर्वांत लहान कण उरतो, त्याला रेणू म्हणतात. पाण्यात विषाचा एक रेणू असला काय आणि हजार असले काय, आमच्या उपकरणांना सारखंच, म्हणजे काहीच दिसायचं नाही. आमच्या भागात धानाची रास असते. रस्त्यावरून रास दिसते. राशीतला एक दाणा उचलून बांधावर ठेवला, तर रस्त्यावरून तो दिसत नाही. पण म्हणून बांधावर दाणा नाही असं कोणी म्हणणार नाही. आमची उपकरणं रस्त्यावरून बघणारी होती. रास झाली, की दिसायचं. प्रत्येक उपकरणाची एक हद्द असते, आणि त्या हद्दीच्या खाली जे आहे, त्याला आम्ही 'आढळले नाही' म्हणायचो. 'आढळले नाही' आणि 'नाही' यांत हद्दीएवढं अंतर आहे. हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. गावांना कोणी शिकवलं नव्हतं.

राजुऱ्याच्या बाजूला चुनखडीचे डोंगर आहेत. त्यातल्या एका गावात कावीळ निघाली. गावाचं नाव सांगत नाही. काविळीचं गाव म्हणून त्या दिवसांत तिथल्या पोरींच्या सोयरिकी अडल्या होत्या, पुन्हा तसं नको. गावाच्या कडेला आमच्या लोकांची, म्हणजे बौद्धांची वस्ती, पंचवीसएक घरं. वस्तीची वेगळी विहीर. कावीळ निघाली ती याच वस्तीत.

तिथून एक टेकडी ओलांडली, की एका दगडखाणीची कॉलनी होती. पक्की घरं, बगीचा, झोपाळे. कॉलनीचं सगळं सांडपाणी आणि संडासाचं पाणी जमिनीतल्या एका मोठ्या खड्ड्यात सोडलेलं. वस्तीचं म्हणणं, हेच पाणी जमिनीखालून आमच्या विहिरीत येतं. कॉलनीचं म्हणणं, मध्ये अख्खी टेकडी आहे. पंचायत समितीने आम्हाला पत्र लिहिलं, की खरं काय ते शोधून द्या.

अशा कामाला एक रंग असतो. भुकटी केशरी, होळीच्या रंगासारखी. पण पाण्यात पडली, की ती पोपटी चमकते, आणि अंधारात जांभळ्या दिव्याखाली धरली तर फारच थोडी असली तरी दिसते. खड्ड्यात रंग टाकायचा, विहिरीवर बसायचं, आणि पाण्यात पोपटी चमक येते का ते बघायचं. पाण्याच्या वाटा ओळखायचा याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

मे महिना. चंद्रपूरच्या मे महिन्याविषयी मी काही लिहीत नाही, ज्यांनी पाहिला त्यांना माहीत आहे आणि इतरांचा विश्वास बसणार नाही. मी आणि आमचे परिचर देवाजी भाऊ गेलो. देवाजी भाऊ गोंड समाजाचे, एटापल्लीकडचे, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. प्रयोगशाळेत कुठली काच कुठे ठेवली आहे, हे फक्त त्यांना माहीत असायचं, त्यामुळे खरं म्हणजे प्रयोगशाळा तेच चालवायचे. कॉलनीच्या इंजिनिअरसमोर आम्ही खड्ड्यात रंग ओतला. इंजिनिअर साहेबांनी आम्हाला सरबत पाजलं.

विहिरीवर तीन दिवस बसलो. आमचा मुक्काम यशोदाबाईंच्या घरी होता. पन्नाशीची बाई, नवरा नाही, मुलगा वणीकडे कामाला. घरात त्या आणि त्यांची सून प्रमिला. प्रमिलाला चौथा महिना. दर दोन तासांनी मी बाटली भरायला विहिरीवर निघाले, की ती मागे यायची आणि माझ्या हातातला दोर घ्यायची. "तुमाले जमत नाई बाई, पाणी हिंदकळते," म्हणायची. तिचं खरं होतं. मला बाटली तपासता येत होती, बादली ओढता येत नव्हती.

"या बाटलीत काय दिसन?" तिने एकदा विचारलं.

"पोपटी रंग दिसला, तर समजायचं की कॉलनीचं पाणी इथं येतं."

"अन् नाई दिसला त?"

"तर मग येत नसेल."

'नसेल' म्हणाले होते मी. हे मला नक्की आठवतं, कारण पुढे अनेकदा मी त्या 'नसेल'चा आधार घेऊन पाहिला आहे. तो फार वजन पेलत नाही.

छत्तीस बाटल्या घेऊन आम्ही परत आलो. खिडकीला घोंगडं लावून, दिवा लावून मी एकेक बाटली पाहिली. देवाजी भाऊंनी पाहिली. आमच्या साहेबांनीही पाहिली. एकाही बाटलीत काही चमकलं नाही. मी लिहिलं, 'रंगद्रव्य आढळले नाही.' साहेबांनी सही केली. अहवाल राजुऱ्याला गेला.

पंचायत समितीत माझ्या दोन शब्दांमधला पहिला गळाला. तिथे नोंद झाली, 'विहिरीचा कॉलनीशी संबंध नाही.' वस्तीला पाण्याचा टँकर यायचा, तो बंद झाला, कारण कारण उरलं नव्हतं. कॉलनीला खड्डा बंद करायची नोटीस निघणार होती, ती निघाली नाही. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायला माणूस यायचा, तोही पावसाळा लागल्यावर यायचा थांबला. त्याच्या सायकलची चेन तुटली होती, असं नंतर चौकशीत निघालं. सगळं नियमाप्रमाणे झालं.

भाद्रपदात एक दिवस यशोदाबाई प्रयोगशाळेत आल्या. सकाळची पहिली एसटी धरून आल्या असणार. हातात लोणच्याची काचेची बरणी, तिच्यात पाणी, तोंडाला फडकं बांधलेलं. बरणी त्यांनी टेबलावर ठेवली आणि त्या उभ्याच राहिल्या.

मी म्हटलं, "बसा ना. प्रमिला कशी आहे? कितवा लागला?"

"प्रमिला गेली."

मला आधी वाटलं, माहेरी गेली.

"कावीळ झाली. इथीच आणली होती सरकारी दवाखान्यात. आठवा लागला होता. तीन दिवस बोलली, मंग बोलनं बंद झालं. लेकरूबी गेलं." त्यांनी बरणी माझ्याकडे सरकवली. "हे पाणी तपासून द्या."

एका जातीची कावीळ पाण्यातून येते आणि इतरांना पंधरा दिवसांत सोडून जाते, पण गरोदर बाईला सोडत नाही. त्या काविळीला वेगळं नाव मिळायला अजून काही वर्षं होती. डॉक्टरांना एवढंच ठाऊक होतं, की पावसाळ्यात अशा बायका येतात आणि बऱ्याचशा परत जात नाहीत.

"तुमच्या कागदावर 'नाई' लिवलं होतं," यशोदाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "पाणी येत नाई मनून लिवलं होतं."

यावर मी जे बोलले, ते माझ्या नोकरीतलं सर्वांत वाईट वाक्य आहे. मी म्हटलं, "नाही हो, 'आढळले नाही' असं लिहिलं होतं." आणि मी त्यांना दोन्हीतला फरक समजावून सांगू लागले. रास, दाणा, रस्ता, बांध. चांगलं पाच मिनिटं समजावलं. त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं. त्यांना ते पूर्ण समजलं. धानाच्या मुलखातली बाई, न समजायला काय झालं.

मग त्यांनी विचारलं, "मंग हे तवा काऊन नाई सांगतलं?"

देवाजी भाऊ दारात चहा घेऊन उभे होते. त्यांनी चहा टेबलावर ठेवला आणि ते बाहेर गेले.

यशोदाबाईंना परतीच्या एसटीत बसवून मी आले, त्यांच्या बरणीतलं पाणी दिव्याखाली धरलं, काही चमकलं नाही, आणि मी मे महिन्याची वही काढली. बघता बघता माझी चूक मला दिसायला लागली. उन्हाळ्यात जमिनीखालच्या पाण्याला ओढ नसते, ते सरकतं मुंगीसारखं. मी तीन दिवस बसले होते. पाण्याला कदाचित तीन आठवडे लागले असतील, तीन महिने लागले असतील. आणि आलं असेल तेव्हा थोडं थोडं आलं असेल, हद्दीच्या खालचं. एका बाटलीत दिसणार नाही इतकं. मला बसायला तीनच दिवस मिळाले होते, कारण भत्ता तीन दिवसांचा मंजूर होता. निसर्गाला हे कळवलेलं नव्हतं.

साहेबांकडे गेले. पुन्हा रंग टाकायची परवानगी मागितली. साहेब वाईट नव्हते. ते मूळचे अमरावतीचे, निवृत्तीला चार वर्षं उरलेली, आणि कुठलीही फाइल एकदा बंद झाली की ती उघडल्याने वाळवी लागते असा त्यांचा अनुभव होता.

"प्रकरण संपलं आहे, मेश्राम मॅडम," ते म्हणाले. "कॉलनीत पुन्हा रंग टाकायचा म्हणजे पुन्हा पत्रव्यवहार. ते आता आत येऊ देणार नाहीत."

हे बरोबर होतं. पण घरी जाताना माझ्या मनात आलं, की रंग टाकायची गरजच काय? मे महिन्यात टाकलेला रंग गेला कुठे? तो खड्ड्याच्या गाळात, दगडांच्या भेगांत कुठेतरी असणारच. पाऊस पडतोय, पाणी वाहतंय, तर तो येतही असेल. प्रश्न फक्त तो गोळा करायचा होता. रस्त्यावरून दाणा दिसत नसेल, तर रोज एक दाणा उचलून टोपलीत टाकत राहायचं. रास आपोआप होते.

टोपली म्हणजे कोळसा. एक विशिष्ट, औषधी कामाचा कोळसा असतो. तो पाण्यातले असे रंग धरून ठेवतो आणि सोडत नाही. कोळशाची पिशवी विहिरीत पंधरा दिवस टांगली, की पंधरा दिवसांत तिच्यावरून जेवढा रंग वाहिला, त्यातला बराचसा तिच्यात अडकतो. मग स्पिरिट आणि कॉस्टिक सोड्यात कोळसा धुतला, की रंग सुटतो. हे सगळं पुस्तकात होतं. पुस्तक आमच्या कपाटात होतं. कपाटाची चावी देवाजी भाऊंकडे होती, मे महिन्यातही होती.

रंग टाकायला परवानगी लागते. पिशवी टांगायला लागते की नाही, याबद्दल कुठे नियम नव्हता, म्हणून मी विचारलं नाही. देवाजी भाऊंनी जुन्या मच्छरदाणीच्या सहा पिशव्या शिवल्या. हातशिलाई, पण टाके असे, की शिंप्याने बघावेत.

रविवारी आम्ही दोघं गेलो, स्वतःच्या तिकिटाने. चार पिशव्या वस्तीच्या विहिरीत वेगवेगळ्या खोलीवर सोडल्या. दोन पिशव्या टेकडीच्या वरच्या अंगाला असलेल्या एका शेतातल्या विहिरीत. कॉलनीचं पाणी खालून वर चढून तिथे जाणं शक्य नव्हतं. त्या दोन पिशव्या म्हणजे साक्षीदार. त्या चमकल्या असत्या, तर समजायचं की कोळसाच खोटं बोलतो.

यशोदाबाई विहिरीच्या काठावर येऊन बघत होत्या. मी या वेळी सगळं सांगितलं. काय टांगलं, का टांगलं, किती दिवस, आणि शेवटी हेही, की यातही काही दिसलं नाही, तर पाणी येतच नाही असं मी म्हणणार नाही.

"हात नाई लावू देत कोनाले," त्या म्हणाल्या. पंधरा दिवस त्या दोरांना खरंच कोणाचा हात लागला नाही. विहिरीवर येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगत, की खाली सरकारी माल आहे.

पिशव्या तपासायला घेतल्या तो दिवस शनिवार, अर्धा दिवस कामाचा. आधी साक्षीदार धुतले. दिव्याखाली धरले. काहीच नाही, काळोख. मग वस्तीच्या विहिरीतली पहिली पिशवी धुतली, गाळली, परीक्षानळीत घेतली. खिडकीवर घोंगडं होतं. नळी देवाजी भाऊंनी धरली.

त्यांनी ती दिव्याजवळ नेऊन तिरकी केली. मग म्हणाले, "बाई, पोपटी हाय."

फार नव्हतं. कोवळ्या धानाच्या रोपाला असतो, तेवढाच हिरवा. चारही पिशव्यांत होतं, सर्वांत खालच्या पिशवीत सर्वांत जास्त. मला आनंद झाला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झाला. काहीतरी सापडलं की तपासणाऱ्याला आनंद होतोच, मग ते काहीही असो. तो दोनेक मिनिटं टिकला. मग मला त्या विहिरीचा दोर आठवला आणि मी खाली बसले.

साहेब घरी निघाले होते. चप्पल घालता घालता आत आले. त्यांनी चारही नळ्या पाहिल्या. साक्षीदारांच्या नळ्या मागितल्या, त्याही पाहिल्या. चष्मा पुसून पुन्हा पाहिल्या.

"म्हणजे आपण आपलाच अहवाल खोटा पाडायचा," ते म्हणाले.

"खोटा नाही साहेब. अपुरा होता."

"अपुरा." त्यांनी तो शब्द जिभेवर घोळवला, माझी आजी पाणी घोळवायची तसा. "त्याच्यावर माझीसुद्धा सही आहे, मेश्राम मॅडम."

मला वाटलं, आता संपलं. त्यांनी चपला काढल्या, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "टाइप करा. पहिल्या परिच्छेदात आपली चूक लिहा. दुसऱ्याने दाखवण्याआधी आपण दाखवलेली बरी." त्या शनिवारी ते दुपारी चारला घरी गेले. त्यांच्या नोकरीत हे पहिल्यांदाच घडलं, असं देवाजी भाऊ सांगत.

तहसील कचेरीत बैठक झाली. तहसीलदार, पंचायत समितीचे अधिकारी, कॉलनीचे इंजिनिअर, आमचे साहेब, मी. वस्तीतर्फे यशोदाबाई आणि दोघं-तिघं बाहेरच्या बाकावर. मी नळ्या नेल्या होत्या आणि दिवाही नेला होता. खोलीत अंधार करायला तहसीलदारांच्या टेबलावरचं हिरवं कापड खिडकीला लावावं लागलं.

इंजिनिअर साहेबांनी नळ्यांकडे बघितलं. "मे महिन्यातला रंग आता कसा येईल? कोणाच्या घरची हळदबिळद असेल."

"हळद वेगळी चमकते," मी म्हटलं. हळदीची नळी मी तयार करून आणली होती. या जिल्ह्यात चौदा वर्षं पाणी तपासल्यावर हळदीचा प्रश्न कोणी विचारणार नाही, असं मी धरून चालत नव्हते. दोन्ही नळ्या शेजारी धरल्या. शिपायालाही फरक दिसला.

मग इंजिनिअर साहेबांनी आपला सर्वांत भक्कम मुद्दा मांडला. "आमच्या खड्ड्याचं काम असं आहे साहेब, की बारा वर्षांत तो एकदाही भरला नाही. एकदाही उपसावा लागला नाही. रेकॉर्ड बघा."

हे ते अभिमानाने सांगत होते. तहसीलदार वयाने तरुण होते. त्यांनी टिपण लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि साध्या कुतूहलाने विचारलं, "मग ते सगळं जातं कुठे?"

इंजिनिअर साहेबांनी तोंड उघडलं, आणि मला दिसलं, की हा प्रश्न बारा वर्षांत त्यांच्या मनातही आला नव्हता. ते लबाड नव्हते. चुनखडीत भगदाडं असतात, पाणी त्यातून वाहतं, हे त्यांनी कॉलेजात वाचलंही असेल. पण न भरणारा खड्डा ज्याला मिळतो, तो तळाशी वाकून बघत नाही.

कॉलनीला सिमेंटची बंद टाकी बांधावी लागली. वस्तीला टेकडीच्या वरच्या अंगाच्या पाण्यावरून नळ आला. या दोन वाक्यांना प्रत्यक्षात दोन वर्षं लागली, पण लागली ती लागली. प्रमिलाबद्दल कुठल्या कागदावर काही आलं नाही. कागद पाण्याबद्दल होते.

नळ यायच्या थोडं आधी, ऐंशीच्या दशकाच्या अगदी शेवटी, आम्हाला नागपूरला एका प्रशिक्षणाला बोलावलं. एका प्राध्यापकांनी सांगितलं, की परदेशात एका प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांना एकच रेणू दिसला आहे. स्फटिकात अडकवलेला, फार थंड करून ठेवलेला, आणि त्याच्यावर प्रकाश टाकून. एक. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, मनापासून. ज्या धंद्यात मी होते, त्यात याहून पुढे जायला जागाच नाही. चहाच्या वेळी शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "म्हणजे आता 'आढळले नाही' लिहायची सोय राहिली नाही." मी म्हटलं, एका स्फटिकातला एक दिसला. विहिरीतला कोणता बघायचा, किती दिवस बसायचं आणि भत्ता किती दिवसांचा, हे अजून आपल्यालाच ठरवायचं आहे.

परत आल्यावर मी अहवालाच्या खाली हाताने एक ओळ लिहू लागले: 'या पद्धतीत अमुकपेक्षा कमी प्रमाण असल्यास ते दिसू शकत नाही.' वरच्या कार्यालयाने दोनदा हरकत घेतली, की यामुळे जनतेत संभ्रम पसरतो. मी लिहीत राहिले. तिसऱ्यांदा त्यांनी हरकत घ्यायचं सोडून दिलं, आणि पुढे कधीतरी ती ओळ छापील नमुन्यातच आली. कोणी सुचवली म्हणून नोंद नाही. माझ्या सबंध नोकरीचं छापील स्वरूपात एवढंच काय ते उरलं आहे.

नळाच्या पाण्याचा पहिला अहवाल मात्र मी टपालाने पाठवला नाही. स्वतः घेऊन गेले. यशोदाबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. मुलगा परत आला होता, घरात नव्हता. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "वाचा."

मी वाचलं. जंतू आढळले नाहीत. रंगद्रव्य आढळले नाही. नायट्रेट मर्यादेत. मग खालची हाताने लिहिलेली ओळही वाचली, आणि कागद बाजूला ठेवून माझ्या शब्दांत सांगितलं, "मला काही दिसलं नाही. पण अगदीच थोडं असेल, तर मला ते दिसत नाही. हे पाणी शंभर टक्के चांगलं आहे, असं मला सांगता येत नाही, यशोदाबाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या बोलतील. जे बोलायचं ते बोलायचा त्यांना हक्क होता.

"मंग उकळून पेऊ," त्या म्हणाल्या, आणि चुलीवर पातेलं ठेवायला आत गेल्या.